इंग्रजीची पाटी आणि इंग्रजीची विद्या

शाळाप्रवेशाचा हंगाम आला म्हणजे जोगेश्वरीच्या पूर्वेस आणि पश्चिमेस एकच प्रश्न ऐकूं येतो : "मुलाला इंग्रजींत घातलें कीं मराठींत ?" मेघवाडीच्या चाळींत जा, बेहरामबागेच्या गल्लींत जा, नाहींतर ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारांत जा, आईबापांच्या तोंडीं हाच प्रश्न असतो, आणि हल्लीं बहुतेक घरीं त्याचें उत्तर प्रश्न विचारण्यापूर्वींच ठरलेलें असतें. त्या उत्तरास नांवें ठेवणें सोपें आहे, व तें काम आमचे कित्येक व्यवसायबंधु दरवर्षीं नेमानें करितात. आमचा आजचा हेतु तो नव्हे. परभाषा मुलांस कशी येते व कशी येत नाहीं, याविषयीं गेल्या शंभर वर्षांत जगांत आणि आपल्या देशांतही पुष्कळ शोध झाले आहेत. ते शोध काय सांगतात, आणि आपण पैसे मोजून जें विकत घेतों तें त्यांशीं कितपत जुळतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

आमच्या वकिलीच्या धंद्यांत घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतों. जोगेश्वरींत लांकडी सामानाचें दुकान चालविणारे एक गृहस्थ भाड्याच्या कराराविषयीं आलेली इंग्रजी नोटीस घेऊन आमच्याकडे आले. बरोबर आठवींत शिकणारा त्यांचा मुलगा होता. तो पहिलीपासून इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाणारा. म्हणून बापानें मोठ्या अभिमानानें नोटीस त्याच्या हातीं दिली. मुलानें ती घडाघड वाचली. एकाही शब्दापाशीं तो अडखळला नाहीं. आम्हीं विचारलें, "बाळ, तुझ्या वडिलांनीं किती दिवसांत काय करावयाचें आहे ?" मुलगा गप्प. "बरें, पैसे द्यावयाचे आहेत कीं घ्यावयाचे आहेत ?" तरीही गप्प. मग आम्हीं तोच मजकूर त्यास मराठींत सांगितला. सांगून होतांच तो म्हणाला, "काका, पण यांनीं अनामत रक्कम वजा केलेलीच नाहीं." आणि खरोखरच ती वजा केलेली नव्हती ! मुलाची बुद्धि किती तल्लख होती हें यावरून दिसेल. पुढें मेजावरचें मराठी वृत्तपत्र त्याच्यापुढें केलें, तों प्रत्येक जोडाक्षरापाशीं तो थांबूं लागला. आठ वर्षांच्या फीच्या मोबदल्यांत बापास काय मिळालें ? इंग्रजी अक्षरांचा उच्चार मिळाला. इंग्रजी मिळाली नाहीं, आणि मराठी होती तीही अर्धवट राहिली. त्या वेळीं त्या गृहस्थांचा जो चेहरा उतरला तो आम्हांस अद्याप विसरतां येत नाहीं.

हें वाचून कोणी असें समजूं नये कीं आम्ही इंग्रजीविरुद्ध आहों. इंग्रजीवांचून या शहरांत चालत नाहीं, हें आधींच कबूल केलेलें बरें. घटनेच्या ३४८ व्या कलमान्वयें उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. बँकेचा करार, विम्याची पॉलिसी, परप्रांतांशीं होणारा पत्रव्यवहार, वैद्यकाचे व यंत्रविद्येचे वरचे ग्रंथ हें सर्व इंग्रजींत आहे. ज्यास ती येत नाहीं तो दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचतो व दुसऱ्याच्या जिभेनें बोलतो, आणि त्याची किंमत त्यास पदोपदीं द्यावी लागते. सावित्रीबाई फुले यांनीं १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहांत इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला तो याच जाणिवेनें. ज्यांस शतकानुशतकें संस्कृताचें दार बंद होतें, त्यांना इंग्रजीच्या दारांतून आंत येण्याची आशा दिसली, आणि ती आशा खोटी नव्हती. आज मराठीच्या नांवानें सभा गाजविणारे कित्येक पुढारी स्वतःचीं मुलें उंची इंग्रजी शाळांत घालतात आणि गरिबांस मातृभाषेचें माहात्म्य सांगतात. अशांच्या उपदेशाकडे मेघवाडींतील मोलकरणीनें पाठ फिरविली तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाहीं. तिला इंग्रजी पाहिजे आहे, व तिची ही मागणी सर्वथा न्याय्य आहे. प्रश्न इतकाच, कीं तिला जें मिळतें तें इंग्रजी आहे काय ?

हा वाद नवा नव्हे. १८३२ च्या जानेवारींत बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुंबईंत 'दर्पण' काढलें, तें मराठी व इंग्रजी अशा दोन भाषांत शेजारीं शेजारीं छापलें जाई. पुढें १८४७ सालीं मुंबईच्या शिक्षण बोर्डांत मोठी चकमक झडली. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें म्हणणें असें, कीं वरचें शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें. जगन्नाथ शंकरशेट, कर्नल जर्व्हिस व बोर्डाचे इतर एतद्देशीय सभासद यांचें म्हणणें असें, कीं विद्या लोकांपर्यंत न्यावयाची असेल तर ती लोकांच्या भाषेंतूनच नेली पाहिजे. नाना शंकरशेट हे पेढीवर बसणारे व्यापारी होते. त्यांस इंग्रजीचा द्वेष नव्हता, उलट इंग्रजी शिक्षणाच्या संस्थांस त्यांनीं सढळ हातानें मदत केली होती. त्यांनीं जो पक्ष घेतला तो हिशेब करून घेतला. त्यानंतर कित्येक दशकें महाराष्ट्रांतील मुलगा आधीं मराठी शाळेंत लिहावयास वाचावयास शिके आणि मग 'इंग्रजी पहिलींत' जाई. रानडे, टिळक, आगरकर, गोखले हे सर्व याच वाटेनें गेले, आणि त्यांची इंग्रजी कच्ची होती असें कोणीही म्हणणार नाहीं. अर्थात् हीं माणसें असामान्य होतीं, हेंही खरें. म्हणून या एका दाखल्यावर आम्ही आपला सर्व पक्ष उभारीत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यांत इंग्रजीचा आरंभ आठवीपर्यंत पुढें ढकलण्यांत आला. नंतर तो पांचवीवर आला. आणि २००० सालच्या जूनपासून, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतांना, तो एकदम पहिलीवर येऊन बसला. अगदीं अलीकडे १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याचा आदेश निघाला. त्यावर महाराष्ट्रभर गदारोळ झाला. आणि २९ जून २०२५ रोजीं सरकारनें आपले आदेश मागें घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. या सर्व चढउतारांत वाद झाला तो मुख्यतः एकाच गोष्टीचा : भाषा कोणत्या इयत्तेपासून शिकवावी ? ती शिकविणार कोण, त्यास स्वतःला ती कितपत येते, आणि तो ती कोणत्या रीतीनें शिकविणार, हे प्रश्न मात्र मागच्या बांकावर बसून राहिले.

कित्येकांस वाटतें, सरकारनें कायदाच करून टाकावा म्हणजे झालें. पण या वाटेनें आपण पूर्वीं जाऊन आलों आहों. ६ जानेवारी १९५४ च्या आदेशानें मुंबई सरकारनें, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशा आपल्या बहुतेक सर्व मुलांस इंग्रजी माध्यमाच्या शाळांचें दार बंद करण्याचा यत्न केला. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या निमित्तानें हें प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो आदेश टिकूं दिला नाहीं. पुढें कर्नाटक सरकारनें प्राथमिक शाळांत मातृभाषेची सक्ति करून पाहिली. तेव्हां ६ मे २०१४ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें निकाल दिला, कीं शिक्षणाचें माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा व त्याच्या वतीनें आईबापांचा आहे, सरकारला त्यांत सक्ति करितां येत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत मातृभाषेंतून शिकविण्याचें कलम आहे खरें. पण त्यास 'व्यवहार्य असेल तोंवर' अशी पुस्ती जोडलेली आहे, व अशा पुस्तीनंतर कलमांत किती जोर उरतो हें वकिलास सांगावयास नको. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांतही 'शक्य असेल तेथें' अशीच सोडवण ठेवलेली आहे. तात्पर्य, सक्तीचा मार्ग बंद आहे, आणि आमच्या मतें तो बंद झाला हें वाईट झालें नाहीं. जी गोष्ट पटवून देतां येते ती दंडुक्यानें करवूं नये. पटवून देण्याचें साधन म्हणजे ज्ञान. तेव्हां आतां भाषाशास्त्राकडे वळूं.

"पाण्यांत टाकल्यावांचून पोहतां येत नाहीं, इंग्रजींत टाका म्हणजे इंग्रजी येईल," हा इंग्रजी माध्यमाच्या बाजूचा सर्वांत लोकप्रिय मुद्दा. याच्या आधारास कॅनडा देशांतील एक प्रयोग दाखविण्यांत येतो, व तो खरोखरच मननीय आहे. जोगेश्वरी हें जसें मुंबईचें, तसें सेंट लँबर्ट हें माँट्रियल शहराचें एक उपनगर आहे. १९६५ सालीं तेथील इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांच्या आग्रहावरून त्यांच्या मुलांस बालवर्गापासून फ्रेंच भाषेंतून शिकविण्यास आरंभ झाला. मॅकगिल विद्यापीठांतील वॉलेस लँबर्ट व त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनीं वर्षानुवर्षें त्या मुलांची परीक्षा घेतली, आणि १९७२ सालीं त्याचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. मुलें फ्रेंच चांगली शिकलीं. त्यांची इंग्रजी खालावली नाहीं. गणितांतही तीं मागें पडलीं नाहींत. मग येथेंही तसेंच कां होऊं नये ?

याचें उत्तर त्या प्रयोगाच्या अटींत आहे. तेथील शिक्षकांस फ्रेंच उत्तम येत होती; शिवाय मुलें आरंभीं इंग्रजींत उत्तर देत, तें त्यांस समजत असे व त्याबद्दल शिक्षा होत नसे. मुलांची मातृभाषा इंग्रजी. ती त्या खंडांतील राज्याची, व्यापाराची व वृत्तपत्रांची भाषा, म्हणून ती विसरण्याचें भय नव्हतें. दुसऱ्या इयत्तेपासून इंग्रजीचेही पाठ सुरू होऊन पुढें ते वाढत गेले. आतां आपल्याकडील एखादी अल्प फीची इंग्रजी शाळा डोळ्यांपुढें आणा. शिक्षिका बिचारी तुटपुंज्या पगारावर राबणारी. पुस्तकांतील वाक्यें तिला वाचतां येतात, पण पुस्तकाबाहेरचें एक वाक्य बोलावयाचें तर तीच दचकते. वर्गांत मराठी बोललें तर दंड. आणि मुलाच्या मराठीस बाहेरही प्रतिष्ठा नाहीं. एका उपनगरांत पोहण्याचा तलाव होता आणि शेजारीं पोहणारा उभा होता. दुसऱ्या उपनगरांत तलावाची पाटी आहे, पाणी नाहीं! पुढें १९७५ सालीं लँबर्ट यांनीं स्वतःच दोन प्रकारची द्विभाषिकता वेगळी करून दाखविली : एकींत दुसरी भाषा पहिलीवर जमा होते, दुसरींत ती पहिलीला वजा करिते. आमच्या व्यापारी वाचकांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. जमा समजून वजा करणाऱ्या मुनिमास ते एक दिवसही पेढीवर ठेवणार नाहींत.

भाषा कशी येते याचें प्रत्यक्ष प्रमाण पाहावयाचें तर कॅनडास जाण्याचेंही कारण नाहीं. जोगेश्वरीची कोणतीही गल्ली पुरे आहे. घरीं मराठी बोलणारें पांच वर्षांचें पोर शेजारच्या भोजपुरी, उर्दू किंवा गुजराती बोलणाऱ्या मुलांबरोबर गोट्या खेळतां खेळतां हिंदी उचलतें. त्यासाठीं त्यास ना पाठ्यपुस्तक लागतें, ना शिकवणी. कां ? कारण त्या भाषेंत त्याला कांहीं सांगावयाचें असतें, सांगितलेलें समजणारा समोर उभा असतो, आणि चूक झाली तरी खेळ थांबत नाहीं. अर्थपूर्ण भाषा पुष्कळ कानांवर पडणें व ती कामासाठीं वापरावी लागणें, यांवांचून भाषा येत नाहीं. इंग्रजी ही या गल्लीची भाषा नाहीं. म्हणून गल्ली जें काम फुकट करिते तें शाळेला योजून करावें लागतें. याच्या जोडीस कॅनडांतील दुसरे संशोधक जिम कमिन्स यांचा सिद्धांत ध्यानांत ठेवावा. बोलण्यापुरती परभाषा दोनएक वर्षांत येते, परंतु जिच्यांत शास्त्र शिकावें, युक्तिवाद करावा, करार समजून घ्यावा, अशी भाषा येण्यास पांच ते सात वर्षें लागतात. आणि ती येण्याचा पाया मातृभाषेंत झालेलें वाचन व विचार हाच असतो. एका भाषेंत 'म्हणून', 'तथापि', 'व्यतिरिक्त' हे शब्द ज्यास खरोखर कळले त्यास दुसऱ्या भाषेंत केवळ नवीं नांवें शिकावीं लागतात. ज्यास ते कोणत्याच भाषेंत कळले नाहींत त्यास सर्वच शिकावें लागतें. युनेस्कोनें १९५३ सालींच मुलाचें शिक्षण मातृभाषेंतून आरंभावें अशी शिफारस केली होती. ती आपल्या अभिमानाची भलावण करण्यासाठीं नव्हे, तर वर्गांतील अनुभवावरून.

आतां इंग्रजी हा विषय म्हणून तरी शिकवावा कसा ? येथेंही शास्त्राचें साह्य आहे. मराठी मुलास इंग्रजी शिकतांना ज्या अडचणी येतात त्या त्याच्या मंदपणामुळें येत नाहींत, दोन भाषांच्या ठेवणींतील भेदामुळें येतात. मराठींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं, इंग्रजींत तें कर्त्याला लागून. मराठींत 'टेबलावर', 'घरांत' असे प्रत्यय नामाच्या मागून येतात. इंग्रजींत तें काम नामापूर्वीं येणारे स्वतंत्र शब्द करितात. इंग्रजींतील 'अ' आणि 'द' या उपपदांस मराठींत जोडच नाहीं. म्हणून मुलगा तीं एकतर गाळतो, नाहींतर वाटेल तेथें पेरतो. आपण सहज 'मी काल दादरला गेलों होतों' असें म्हणतों. मुलगा तेंच इंग्रजींत उतरवितो व भलताच पूर्ण भूतकाळ वापरतो. आपल्याला भूक 'लागते', भाषा 'येते'. इंग्रजींत त्याच ठिकाणीं मनुष्य कर्ता होऊन बसतो. देवनागरी जशी लिहावी तशीच बहुधा वाचावी. इंग्रजींत 'कट' आणि 'पुट' यांत अक्षर एक आणि उच्चार दोन. 'शिप' व 'शीप' यांतील भेद कानास कळूं लागण्यासच वेळ लागतो. जुन्या पिढ्यांनीं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरविल्या, त्यांत हे भेद अनुभवानें हेरलेले होते. त्या पुस्तकांनीं वाचावयास शिकविलें, बोलावयास फारसें शिकविलें नाहीं, हा त्यांचा उणेपणा. पुढें १९६७ सालीं पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानें दाखविलें, कीं शिकणाऱ्याच्या चुका हा कचरा नव्हे; त्याचें मन भाषेचे कोणते नियम बांधीत आहे हें सांगणारा तो पुरावा आहे. वैद्य नाडी पाहतो तशी शिक्षकानें चूक पाहावी. आपल्या बहुतेक शाळांत ती पाहिली जाते ती तांबड्या शाईनें.

या शास्त्रांत आपला देश केवळ शिष्य राहिलेला नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत भाषाशास्त्राचें अध्ययन कित्येक दशकें चाललें आहे, डॉ. अशोक केळकर यांनीं मराठीच्या उच्चारांचा व शब्दरूपांचा जो शास्त्रीय अभ्यास केला तो असल्या तुलनेचा पाया आहे. बंगालमध्यें काम करणारे मायकेल वेस्ट यांनीं १९२६ सालीं द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. पुढें १९५३ सालीं त्यांच्याच संपादकत्वाखालीं सुमारें दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. आरंभीं कोठले शब्द शिकवावे याचा असा हिशेब मांडतां येतो, हें त्यावरून दिसलें. बंगलोरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेंत एन. एस. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत दक्षिणेंतील साध्या शाळांत एक प्रयोग केला, त्याची कीर्ति जगभर झाली. त्यांनीं व्याकरणाचे नियम पाठ करविण्याऐवजीं मुलांपुढें इंग्रजींत कोडीं टाकलीं : हा नकाशा, यांत शाळेपासून घरीं कसें जाल ? हें आगगाडीचें वेळापत्रक, यांत कोणती गाडी धराल ? मुलांचें लक्ष कोड्यावर, आणि इंग्रजी त्यांच्या नकळत आंत शिरे. जोगेश्वरीच्या मुलांस असें कोडें घालण्यास साहित्य कमी आहे काय ? "तुला आठ वाजतां दादरला पोंचावयाचें आहे, धिमी गाडी शेवटपर्यंत ठेवावी कीं अंधेरीस जलद गाडी धरावी?" हा प्रश्न इंग्रजींत विचारावयास खर्च कांहींच नाहीं, विचारणारा मात्र पाहिजे. त्याचप्रमाणें २०१६ ते २०२० या काळांत केंब्रिज विद्यापीठाच्या नेतृत्वाखालीं दिल्ली, हैदराबाद व पाटणा येथील प्राथमिक वर्गांची जी पाहणी झाली, तींत इंग्रजी माध्यमाच्या म्हणविणाऱ्या वर्गांतही शिक्षक मुलांच्या भाषेचा आधार घेतात असें आढळलें. म्हणजे माध्यम पाटीवर एक, फळ्यापाशीं दुसरें. चोरून घ्यावा लागतो तो आधार उघडपणें व योजून घेतला तर काय बिघडेल ? २०२२ सालीं राज्य सरकारनें पहिलीसाठीं मराठी-इंग्रजी द्विभाषिक पुस्तकांचा प्रयोग आरंभिला, तो या दृष्टीनें योग्य दिशेचा होता. 'दर्पण'कारांची युक्ति एकशें नव्वद वर्षांनीं पहिलीच्या मुलापर्यंत पोंचली म्हणावयाची !

येथें मराठी शाळांचे कैवारी विचारतील, "मग दोष सारा इंग्रजी शाळांचाच ना ?" नाहीं. मराठी शाळांचा अपराध तितकाच मोठा आहे. पहिलीपासून इंग्रजी येऊन पंचवीस वर्षें झालीं. परंतु ज्या शिक्षकास स्वतःला इंग्रजींत चार वाक्यें धड बोलतां येत नाहींत, त्याच्या हातीं पुस्तक देऊन दहा वर्षें इंग्रजी शिकविली तरी दहावीच्या अंतीं मुलगा मुकाच राहणार. मराठी शाळेंतून चांगली इंग्रजी मिळते असा विश्वास आईबापांस वाटला असता, तर ते पदरचे पैसे खर्चून पाटीमागें कशाला धांवले असते ? गिऱ्हाईक दुकान सोडून गेलें म्हणजे शहाणा दुकानदार गिऱ्हाइकास शिव्या देत नाहीं, आपला माल तपासतो. मराठी वांचविण्याचा जो मार्ग आम्हांस दिसतो तो हाच : मराठी शाळांतून इतकी उत्तम इंग्रजी शिकवावी, कीं तिच्यासाठीं मराठी सोडण्याचें कारणच उरूं नये.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. आईबापांनीं प्रवेश घेण्यापूर्वीं शाळेच्या तिसरीच्या वर्गांत अर्धा तास बसूं देण्याची मागणी करावी. मूल घडाघड वाचतें कीं नाहीं हें पाहूं नये. वाचलेलें तें स्वतःच्या शब्दांत, वाटेल त्या भाषेंत, सांगूं शकतें काय तें पाहावें. वीट वाजवून घेणारे व कापड चुरगळून पाहणारे आमचे व्यापारी बंधु मुलाची विद्या मात्र पाटी वाचून घेतात, याचें आम्हांस नवल वाटतें. सरकारनें व महानगरपालिकेनें इयत्तांचा वाद क्षणभर बाजूस ठेवून शिक्षक हातीं घ्यावा : मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती अशा प्रत्येक माध्यमाच्या शाळेस इंग्रजी खरोखर बोलतां येणारा एक तरी शिक्षक द्यावा, व त्याच्या बोलण्याची परीक्षा घेऊनच त्यास नेमावें. पहिल्या दोन वर्षांत मुलाचें स्वतःच्या भाषेंतील वाचन पक्कें करावें, आणि त्याच वेळीं इंग्रजी कानांवर व जिभेवर खेळवावी. लेखनाची घाई करूं नये.

एक सूचना खास जोगेश्वरीसाठीं आहे. येथील टेकडीवर १९३० सालीं स्थापन झालेलें इस्माईल युसुफ कॉलेज उभें आहे. मुसलमान समाजांत उच्च शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून सर महंमद युसुफ यांनीं दिलेल्या देणगींतून तें निघालें. म्हणजे एका व्यापाऱ्याच्या दातृत्वानें सरकारी विद्यालय उभें राहिलें. त्या टेकडीच्या भोंवतीं मैल-दीड मैलाच्या आंत मराठी, उर्दू, हिंदी, भोजपुरी, गुजराती व कोंकणी बोलणारीं घरें आहेत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास याहून संपन्न क्षेत्र कोठें मिळणार ? तेथील विद्यार्थ्यांनीं आसपासच्या शाळांतील मुलांच्या इंग्रजी चुकांची एक वही ठेवावी. मराठी मुलगा कोठें अडतो, उर्दू मुलगी कोठें अडते, याची शास्त्रीय नोंद करावी. आणि संध्याकाळीं त्यांपैकींच कांहींजणांनीं मुलांबरोबर तासभर इंग्रजींत खेळावें. यास लागेल तो थोडासा खर्च ओशिवऱ्याच्या एका बाजारास जड नाहीं. आमच्यांतील दानशूर मंडळी इमारतीवर नांव कोरण्यास लाखों रुपये देतात. एका चांगल्या शिक्षकाचा वर्षाचा पगार देणारा दाता मात्र विरळा. पण त्या शिक्षकाच्या हाताखालून गेलेलीं मुलें आपल्या बापाची नोटीस स्वतः वाचतील, आणि तिच्यांतील चूकही काढतील.

त्या आठवींतल्या मुलाविषयीं वाचकांस जिज्ञासा असेल. अनामत रकमेची जी चूक त्यानें काढली तिच्याच आधारें आम्हीं नोटिशीस उत्तर दिलें, व तें प्रकरण आपसांत मिटलें. जातांना त्याच्या वडिलांनीं विचारलें, "वकीलसाहेब, याची शाळा बदलूं काय ?" आम्हीं सांगितलें, आठवींत शाळा बदलण्यापेक्षां रोज संध्याकाळीं त्याच्याकडून मराठी वृत्तपत्राचा एक रकाना मोठ्यानें वाचून घ्या, आणि मग इंग्रजी पुस्तकांतला एक परिच्छेद त्याला मराठींत सांगावयास लावा. यापेक्षां मोठें औषध आम्हांजवळ नव्हतें. परंतु जें काम आतां घरीं दिवेलागणीनंतर करावें लागत आहे, तें आठ वर्षें शाळेनें दिवसा कां केलें नाहीं, हा जाब कोणी तरी विचारलाच पाहिजे. आणि तो विचारण्याचा पहिला हक्क ज्यांनीं फी भरली त्यांचा आहे.